आजोबांची फेल्ट आणि आलेस्सांद्रियाचा टोपीवाला

१९६६ सालचा गणेशोत्सव. गिरगावातल्या आमच्या वाडीत मुलांचे एक नाटुकले बसवले होते आणि त्यात साहेबाचे काम माझ्या वाट्याला आले होते. वय वर्षे अकरा. कोट मिळाला, काठी मिळाली, जळक्या बुचाने मिशाही काढून झाल्या. पण साहेब म्हटला की डोक्यावर हॅट हवीच. ती आमच्याच घरात होती. आजोबांच्या कपाटावर, पुठ्ठ्याच्या गोल खोक्यात, पारव्या रंगाची फेल्ट हॅट. १९३८ साली त्यांनी ती फोर्टातल्या एका दुकानातून घेतली होती. आजीच्या मते आजोबांनी जन्मात केलेली ती एकमेव उधळपट्टी. पुढे दोनच वर्षांत इटली युद्धात उतरली, तिकडचा माल येईनासा झाला, तेव्हा मात्र आजोबांना आपल्या उधळपट्टीचे समर्थन सापडले, असेही आजीच सांगायची.

आजोबा ही हॅट कधी टोकाला धरून उचलत नसत. दोन्ही हातांनी कडेला धरून उचलायची, ठेवताना उलटी ठेवायची, घरी आल्यावर मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवायचा. पावसात भिजली तर आतली चामड्याची पट्टी बाहेर वळवून सावलीत तशीच ठेवायची, दोन दिवस हात लावायचा नाही. आम्हा पोरांना हे सोवळे हास्यास्पद वाटे.

मी ती न विचारता नेली. नाटक झाले, टाळ्या पडल्या आणि त्याच डोक्याने मी मिरवणुकीत शिरलो. रात्री घरी येऊन पाहतो तो हॅट गुलालाने माखलेली. पहाटे घर जागे व्हायच्या आत बंबातले कढत पाणी मोरीत ओतले, कपड्याचा साबण घेतला, आणि कपडे घासायच्या ब्रशने ती हॅट जीव खाऊन घासली. पिळली. गॅलरीत उन्हात टाकली. गुलाल बराचसा गेला. हॅटही गेली. संध्याकाळपर्यंत तिची करवंटी झाली होती. कापड घट्ट, राठ, आणि माझ्यासुद्धा डोक्यात शिरेना.

आजोबा कचेरीतून आले. त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून आतल्या पट्टीवरची पुसट सोनेरी अक्षरे पाहिली आणि खोक्यात ठेवून दिली. ते ओरडले नाहीत. त्या दिवशी नाहीत आणि नंतरही कधी नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते बोडक्याने कचेरीत जाऊ लागले.

ती अक्षरे होती बोर्सालिनो. बरीच वर्षे हे मला नुसते एका कंपनीचे नाव वाटत होते. ते एका शेतकऱ्याच्या पोराचे आडनाव आहे, आणि मी मोरीत जे केले तेच करण्यात त्या पोराचा जन्म गेला, हे पुष्कळ उशिरा कळले. फरक इतकाच की, कुठे थांबायचे हे त्याला ठाऊक होते.

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे, इथून सुरुवात करायला हवी. त्यात ताणा नाही, बाणा नाही. ज्यांनी सातारा-कोल्हापूरकडचा बुरणूस पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. लोकर पिंजायची, थर पसरायचा, पाणी शिंपडून गुंडाळायचा आणि तुडवत राहायचे. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणे या तिन्ही गोष्टी मिळाल्या की ते खवले एकमेकांत अडकतात आणि केस जवळ जवळ सरकतात. एकदा सरकलेला केस मागे येत नाही. बुरणूस मेंढीच्या लोकरीचा, तर उत्तम फेल्ट हॅट सशाच्या, रानसशाच्या किंवा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या आतल्या मऊ लवेची, एवढाच भेद. यंत्रे येण्यापूर्वी युरोपातले टोपीवाले ही लव पिंजायला टांगलेली धनुकली वापरीत. आपल्या पिंजाऱ्याने ती पाहिली असती तर लगेच ओळखली असती.

जुझेप्पे बोर्सालिनो १५ सप्टेंबर १८३४ रोजी जन्मला, इटलीच्या वायव्येकडच्या पीडमाँटमधल्या पेचेत्तो दी वालेन्झा या टेकडीवरच्या खेड्यात. इटली असे आज आपण म्हणतो. तेव्हा इटली नावाचे एक राज्यच नव्हते, पीडमाँट सार्डिनियाच्या राजाकडे होते. घरची परिस्थिती बेताची. शाळेशी पोराचे फारसे जमले नाही. मिसरूड फुटण्याआधीच तो जवळच्या आलेस्सांद्रिया शहरात एका टोपीवाल्याकडे उमेदवारी करू लागला. हे शहर तानारो आणि बोर्मिदा या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. टोपीच्या धंद्याला वाहते पाणी लागते आणि ते तिथे मुबलक होते. हिवाळ्यात धुकेही मुबलक. उंबेर्तो एको हा मोठा लेखक याच गावचा.

१८५० साली, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, जुझेप्पेने गाव सोडले आणि तो पॅरिसला गेला. टोपी शिकायची तर पॅरिस, असा तो काळ होता. रू द्यु ताँप्ल या रस्त्यावरच्या बेर्तेय यांच्या कारखान्यात त्याने सहा-सात वर्षे काढली. तिथून तो परतला तो कुशल टोपीवाल्याची सनद घेऊनच.

ही सहा-सात वर्षे मला त्याच्या सगळ्या आयुष्यात महत्त्वाची वाटतात, आणि नेमकी त्यांचीच हकीकत फार थोडी उरली आहे. पण तिथे दिवसभर काय चाले ते सांगता येते. कढत पाण्याच्या हौदाभोवती माणसे उभी. हातात लवेचा एक भला मोठा, शंकूच्या आकाराचा, लिबलिबीत घोंगता. तो पाण्यात बुडवायचा, गुंडाळायचा, लाटायचा, उलगडायचा, वळवून पुन्हा गुंडाळायचा. तासन् तास. सुरुवातीला हा शंकू तयार टोपीच्या दुप्पट-अडीचपट असतो. तो आटत आटत दाट होत जातो. एक बाजू जास्त आटली की टोपी वाकडी. थोडा वेळ कमी दिला की ढिली, चार पावसांत डबडबणारी. जास्त दिला की राठ, माझ्या करवंटीसारखी. मोजायला यंत्र नाही. बोटांनी जाडी चाचपायची. पुस्तकात न मावणारी ही विद्या आहे. आपल्याकडे पाक एकतारी झाला की दोनतारी हे आजी बोटांवर ठरवायची, तिला थर्मामीटर लागला नाही, तसे काहीसे.

त्यानंतर रंग. मग वाफेवर मऊ करून लाकडी कलबुतावर ओढायची, डोक्याचा भाग आणि कड वेगळी काढायची, दोरीने आवळून ठेवायची. वाळली की बारीक घासकागदाने अंग घासायचे, इतके की हात फिरवला तर सशाच्या पाठीवरून फिरवल्यासारखे वाटावे. कड कापायची. बाहेरून रेशमी फीत, आतून चामड्याची पट्टी, अस्तर. माथ्यावरची मधली खाच आणि पुढच्या दोन चिमट्या शेवटी. बोर्सालिनो कंपनी आपल्या एका फेल्टला पन्नासच्या आसपास टप्पे आणि सुमारे सात आठवडे लागतात असे सांगत आली आहे. हा सारा खटाटोप ज्या वस्तूसाठी, तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास.

४ एप्रिल १८५७ रोजी जुझेप्पेने आलेस्सांद्रियाच्या व्हिया स्कियाव्हिना या गल्लीतल्या एका वाड्याच्या चौकात आपले दुकान मांडले. बरोबर धाकटा भाऊ लाझारो. आपल्याकडे ते दिवस किती वेगळ्या कारणासाठी लक्षात आहेत! त्यानंतर चारच दिवसांनी बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी झाली. इकडे साम्राज्य हादरत होते आणि तिकडे दोन भाऊ सशाची लव तोलत होते.

पुढची हकीकत पायरीपायरीने चढत जाते, ती मी लांबवत नाही. १८७१ पर्यंत कारखान्यात १३० माणसे आणि दिवसाला ३०० टोप्या. १८८८ साली कोर्सो चेन्तो कान्नोनी या रस्त्यावर मोठा कारखाना. जुझेप्पेला नव्या यंत्रांची भीती नव्हती, हे त्याचे वैशिष्ट्य. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला टोप्यांची यंत्रे होती. ती त्याने मागवली. लव उडवून तांब्याच्या भोकाभोकांच्या शंकूवर शोषून घेणारे यंत्र आले, धनुकली गेली. पण बोटांनी चाचपणारी माणसे त्याने ठेवली. यंत्राने काय करावे आणि माणसाने काय, ही रेघ त्याने जिथे ओढली तिथेच मला त्याचे मोठेपण दिसते. ती रेघ जरा इकडे ओढणारे महागाईने बुडाले आणि जरा तिकडे ओढणारे हलक्या मालात विरून गेले.

त्याच्या इंग्लंडच्या फेरीची एक आख्यायिका आलेस्सांद्रियात सांगतात. इंग्रजांची ती टणक, वाटोळी बाउलर हॅट कशाने कडक होते हे कोणी सांगेना. जुझेप्पे पाहुणा म्हणून कारखाना पाहायला गेला आणि त्या द्रावाच्या भांड्याजवळून जाताना त्याने आपला रुमाल हळूच त्यात बुडवून खिशात टाकला. गोष्ट खरी असो वा रचलेली, सभ्य गृहस्थांनी आदर्श ठेवावा अशी ती नाही. पण माझे लक्ष वेधले ते रुमालातल्या पदार्थाने. तो होता लाखेचा द्राव. आणि त्या काळी जगाला लाख पुरवायची ती प्रामुख्याने आपल्या देशाने. पळस, कुसुम, बोर या झाडांवरचा तो इवलासा किडा, छोटा नागपूरच्या जंगलात त्याची लाख खरवडणारी माणसे, कलकत्त्याचे बंदर, आणि शेवटी लंडनच्या साहेबाच्या डोक्यावरची कडक टोपी. गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांना लाखेचे पीक नवीन नाही.

मऊ टोपीची दुसरीही बाजू आहे, ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सशाची लव नुसत्या पाण्याने नीट आटत नाही. खवले उघडावेत म्हणून कातड्यावर पाऱ्याच्या नायट्रेटचा द्राव चोळीत. त्याने केसांची टोके गाजराच्या रंगाची होत. ही रीत त्या काळी युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक कारखान्यांत होती. कढत पाण्याच्या वाफेबरोबर तो पारा कामगारांच्या फुप्फुसांत जाई. हात थरथरू लागत, हिरड्या सुजत, दात पडत. माणूस लाजरा, चिडखोर, विसराळू होई. बायकापोरांना वाटे याला झाले तरी काय. इंग्रजीत वेड्या माणसाला टोपीवाल्याची उपमा देतात, आणि त्या उपमेचे मूळ बहुतेक जण या रोगाशीच जोडतात. अमेरिकेत हॅटच्या कारखान्यांतला पारा बंद झाला तो १ डिसेंबर १९४१ पासून. म्हणजे जुन्या फेल्टची ती अप्रतिम घट्ट वीण (वीण हा शब्द चुकीचा, पण दुसरा सुचत नाही), जिच्यापुढे आजची पुष्कळशी फेल्ट फिकी वाटते असे जाणकार म्हणतात, तिच्यात काही थरथरते हातही आहेत. जुन्या हॅटचे कौतुक करताना मला ते हात आठवतात. कौतुक कमी होत नाही, पण हॅट जरा जड होते.

फेडोरा हे नाव मात्र जुझेप्पेने दिलेले नाही. १८८२ च्या डिसेंबरात व्हिक्तोरिएँ सार्दू या फ्रेंच नाटककाराचे फेडोरा हे नाटक पॅरिसला आले. साऱ्हा बर्नार्ट त्यात राजकन्या फेडोरा झाली होती. तिच्या टोपीवरून हे नाव मऊ, मधे खाच असलेल्या हॅटला चिकटले असे सांगतात. म्हणजे पुरुषीपणाची खूण म्हणून पुढे सिनेमातल्या गुप्तहेरांनी आणि गुंडांनी मिरवलेल्या टोपीचे नाव मुळात एका बाईचे. विसाव्या शतकाच्या विशीत इंग्लंडचा युवराज एडवर्ड ती घालू लागला आणि ताठ टोप्यांचे दिवस भरले. आपल्या घराघरांतल्या भिंतीवर भगतसिंगांचे जे छायाचित्र असते, १९२९ साली दिल्लीत काढलेले, त्यातही डोक्यावर फेल्टच आहे. साहेबाचीच टोपी, पण त्या एका डोक्यावर तिचा अर्थ पार उलटला.

जुझेप्पेला या सगळ्या तमाशाशी कर्तव्य नव्हते. त्याचे फोटो पाहिले तर एक दाढीवाला, कामात गढलेला माणूस दिसतो. १९०० साली त्याचा कारखाना वर्षाला साडेसात लाख टोप्या काढीत होता. त्या वर्षी पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरायचे होते. ज्या शहरात पन्नास वर्षांपूर्वी तो उमेदवार म्हणून गेला होता तिथेच बोर्सालिनो टोपीला सर्वोच्च बक्षीस, ग्राँ प्री, मिळाले. ते त्याने पाहिले नाही. १ एप्रिल १९०० रोजी तो आलेस्सांद्रियात वारला. प्रदर्शन उघडले १४ एप्रिलला.

त्यानंतर मुलगा तेरेझियोने धंदा वाढवला. १९१३ च्या सुमाराला वर्षाला वीस लाख टोप्या आणि अडीच हजारांवर कामगार. त्यांत बायकांचा भरणा मोठा. गावात त्यांना बोर्सालिने म्हणत. गावाचा पाणीपुरवठा, क्षयाचे इस्पितळ यांना तेरेझियोने पैसा दिला. भाऊबंदकीही झाली. लाझारोच्या मुलाने वेगळी चूल मांडून त्याच आडनावाच्या टोप्या काढायला सुरुवात केली, मग कोर्टकचेऱ्या. ज्या दोघा भावांनी एका चौकात दुकान मांडले त्यांच्या पोरांनी त्या नावावरून भांडावे, हे वाचताना मला परका देश वाटलाच नाही.

पुढे माणसांनी डोक्यावर काही घालणेच सोडले. १९७० साली बोर्सालिनो नावाचा फ्रेंच चित्रपट आला, बेल्माँदो आणि अलाँ दलाँ त्यात होते. तेव्हा नाव चित्रपटात होते आणि टोपी खुंटीवर. शहरातला जुना कारखाना ऐंशीच्या दशकात बंद होऊन काम शेजारच्या स्पिनेत्ता मारेंगोला गेले, जुन्या इमारतींतल्या बऱ्याच पाडल्या गेल्या. २०१७ च्या डिसेंबरात कंपनीचे दिवाळे जाहीर झाले, २०१८ मध्ये नव्या मालकांनी ती घेतली आणि हॅट निघत राहिली.

माझी मुलगी नोकरीनिमित्त तुरिनला असते. २०२४ मध्ये तिच्याकडे गेलो असताना मी हट्टाने आलेस्सांद्रियाला गेलो. जुन्या कारखान्याच्या उरलेल्या इमारतीत आता संग्रहालय आहे. उंच काचेच्या कपाटांत टोप्याच टोप्या. लाकडी कलबुते रांगेने मांडलेली, कित्येक पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. एका खोलीत तो भला मोठा शंकू ठेवला होता, आटण्याआधीचा. हात लावायची परवानगी होती. मी लावला. मऊ, ढिला, काहीच न ठरलेला. तिथल्या बाईंना मी मुलीमार्फत विचारले, की फार आटलेली फेल्ट पुन्हा मोठी करता येते का. त्यांनी मान हलवली. वाफेवर थोडी ताणता येते म्हणाल्या, बोटभर. पण जी आटली ती आटली. बाईंनी विचारले, कोणाची हॅट? मुलीने माझ्याकडे पाहिले. आजवर तिला मी ही गोष्ट सांगितलेली नव्हती.

आजोबा १९७४ साली गेले. दहाव्यानंतर कपाट आवरताना ते गोल खोके खाली काढले. आत ब्रश होता, केस झिजून गेलेला, आणि ती करवंटी. ती उचलली तर जड लागली. आत वर्तमानपत्रे ठासून भरलेली होती, ओली करून कोंबलेली आणि वाळून लाकडासारखी झालेली. मी ती एकेक उकलत गेलो. सगळ्यात बाहेरचा कागद १९६६ च्या ऑक्टोबरातला होता. त्याच्या आतला १९६८ चा. अगदी मधला, अजून थोडा मऊ असलेला, १९७३ च्या पावसाळ्यातला.